शुक्रवारचं पाणी

पळसदरी
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. हर्षला,

आशीर्वाद. किती आणि कोणत्या प्रतीचे ते लिहिण्याची पद्धत आहे. पण तुला लागतील तेवढे धरून चाल, मामाकडे साठा बरा आहे.

पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. टपालाने पाठवलं असतं तर तुमच्याकडची ट्युलिप फुलून सुकल्यावर पोहोचलं असतं. आणि फोनवर टंकलेखन करायला बसलो की तो यंत्रपुरुष माझ्या 'तथापि'चं 'तथास्तु' करतो. एवढा उदार मी नाही.

परवा फोनवर मी नुसतं 'हं, हं' करत होतो, म्हणजे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळलं ते परत सांगतो, चुकलं तर कान धर. तू इथून उत्प्रेरकाचा जो लेप घेऊन गेलीस, तो तिथल्या प्रयोगशाळेत दोनदा लावून पाहिला. दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात त्याने मान टाकली. इथे तोच लेप सहा महिने टिकला असं तू लिहून दिलं आहेस, आणि त्याच जोरावर तुला तिथे जागा मिळाली. तुझे डच प्राध्यापक आधी भुवया उंचावत होते, आता त्यांनी समिती नेमली आहे. नऊ जानेवारीला समिती विचारणार की इथले आकडे खरे की तू घडवलेले. घडवलेले ठरले तर जागा जाईल, आणि नाव त्याच्याही आधी जाईल.

बरोबर?

तर ऐक. तू जाताना स्वतःच्या हाताने बसवून दिलेला सेल आमच्या कुंभिवलीच्या शेडमध्ये ठणठणीत आहे. ऑगस्टपासून चालू आहे. शेजारच्या कारखान्याच्या बॉयलरचा धूर घेतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पोटात घालतो, वीज पितो आणि आम्ल देतो. लोक विचारतात, मास्तर, तुम्ही संस्कृतवाले तिथं करता काय. मी सांगतो, मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते आम्ही धुरातून काढतो. मुंगी हेच काम बिनपगारी करते, म्हणून तिला व्यवस्थापक लागत नाही. कॉलेजातला संस्कृतचा वर्ग विद्यार्थ्यांअभावी बंद पडला आणि शेडचा मालक मालोजी, त्याने बालमित्र म्हणून मला या खुर्चीत बसवलं, तेव्हा मला 'उत्प्रेरक' या शब्दापलीकडे काही येत नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्प्रेरक दुसऱ्याला बदलतो आणि स्वतः तसाच राहतो. असला निर्विकार गृहस्थ मी फक्त वेदान्तात पाहिला होता, आणि तिथे तो विजेवर चालत नव्हता. तू पहिल्याच दिवशी तुझा तो काळा कागद, त्यावरचा बिस्मथचा राखाडी लेप दाखवून माझा भ्रम घालवलास. 'मामा, सगळे मरतात. कधी मरतात, एवढाच प्रश्न आहे.' चोवीस वर्षांच्या मुलीने असं बोलू नये, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.

शेडमध्ये सगळं जिथल्या तिथे आहे. सेलवर तू चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा: 'हात लावू नये. विशेषतः मामाने.' शुक्रवारी अजून दिवसभर लाइट जाते, आणि दिवसभर सेल बंद असतो. तू असतानाही जात होतीच म्हणा. पण तू गुरुवारी आम्लाची बाटली भरून शुक्रवारी ती तपासायला ठाण्याला पळायचीस, त्यामुळे आमचा शुक्रवार तू कधी पाहिलाच नाहीस. सगळी शेड चहा पीत बसते. मी सेलला आंघोळ घालतो. तुमच्याकडे आंघोळीचा कंटाळा करत असतील, म्हणून तुझा लेप रुसत असेल. तुझ्या सरांना सांग.

तुझी आई काल आली होती. म्हणाली, 'तिला इचार, पोपटी लावली तर तिकडं धाडता येल का रं?' मी म्हटलं, छाया, शेंगांची पोपटी मडक्यासकट विमानात बसवली तर विमान भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासाने परत फिरेल. तर म्हणते, 'तुला सगळं हसन्यावारी.' खरं आहे तिचं.

घाबरू नकोस. खऱ्याला वेळ लागतो एवढंच.

तुझा
ऋषीमामा


पळसदरी
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षला,

आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. नंतर पुन्हा मिळाला. मग पहाटे फोन आला तो मी उचलू शकलो नाही, फोन दुसऱ्या खोलीत होता.

तू विचारतेस, आंघोळ म्हणजे नक्की काय. पाणी सेलच्या आत गेलं का? हो किंवा नाही, एवढंच लिहून सही करून पाठवा, मला सरांना दाखवायचं आहे.

बाळ, तुला लहानपणापासून मामाची सवय आहे. निर्जीव वस्तूंवर मानवी व्यवहाराचा आरोप करण्याची आमच्या कवींना जुनी खोड, आणि मी ती खोड पगार घेऊन वर्षानुवर्षं शिकवली. चंद्र आमच्याकडे लाजतो, नदी रुसते, मेघ निरोप नेतात. त्यात एका सेलने आंघोळ केली तर त्याचा एवढा बोभाटा होईल असं मला वाटलं नव्हतं. शेडमध्ये धूळ फार. कुंभिवलीचा महामार्ग तुला ठाऊक आहे, एकेक ट्रेलर जातो तो अर्धा डोंगर उडवत जातो. मी शुक्रवारी फडक्याने बाहेरून पुसतो. ओल्या फडक्याने. ओल्या म्हणजे दमट.

मालोजी आत्ता समोरच बसला आहे. रविवारचा सहसा येत नाही, आज आला. सहा जानेवारीला पुण्याचे लोक सेल पाहायला येणार आहेत. पसंत पडला तर असे दोनशे सेल लावायचं ठरतं आहे. भात लावायची जमीन सपाट करून त्याने ही शेड बांधली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं होतं ते तुला माहीत आहेच. तो म्हणतो, 'लिवा मास्तर, पोरीला पाहिजे तसं साफ लिवा. आन सई करा. अर्धवट नको.'

तर साफ लिहितो.

सेलच्या आत कधीही पाणी गेलेलं नाही. हर्षलाने बसवून दिल्यानंतर किंवा त्याआधीच्या चाचणीत कुणीही सेलला हात लावलेला नाही. बाहेरून धूळ पुसली जाते, त्यापलीकडे काही नाही.

ऋषिकेश दामोदर पाटील
व्यवस्थापक

एवढं पुरे ना? यावर तुझ्या सरांचं समाधान व्हायला हरकत नाही.

थंडी वाढली असेल. कान झाकत जा. इथे वालाच्या शेंगा यायला लागल्या. छाया म्हणते बिरडं केलं की तुझी आठवण येते, आणि म्हणून ती बिरडं करत नाही, त्यामुळे मलाही मिळत नाही. एका माणसाच्या परदेशगमनाने किती जणांच्या जिभेचे हाल व्हावेत याला काही मर्यादा आहे.

मालोजीचा चहा झाला. हा कागद त्यानेही वाचला, आणि चांगलं अक्षर आहे म्हणाला.

तुझा
मामा


पळसदरी
रविवार, १५ डिसेंबर २०२४

हर्षला,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो नाही. हात धजला नाही.

काल तुझी आई आली. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, 'दादा, ती म्हनते मामाच्या कागदानं माझ्यावरच आलं. काय लिवलंस तू?'

मी म्हटलं, 'विचारलं होतं ते लिहिलं. खरं ते.'

'मंग खऱ्यानं पोरीचं वाईट कसं होतं?'

मी तिला समजावून सांगू लागलो. समितीपुढे दोनच शक्यता होत्या, इथे सेलला कुणी काहीतरी करत होतं, नाहीतर आकडे घडवलेले होते. माझ्या कागदामुळे पहिली शक्यता गेली. उरली ती उरली. हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगत होतो, वर्गात पाठ द्यावा तसा, आणि सांगता सांगता मला ऐकू आलं मी काय बोलतो आहे ते. छाया म्हणाली, 'आन तुला गोड जेवन जातं?' आणि गेली. तिच्या मनात शिरून पाहिलं तर तिला आधीच सगळं कळलेलं असेल. आमच्या आईच्या हाताखाली ती माझ्याहून जास्त वाढली.

आता लिहितो ते ऐक, आणि हवं तर तेही समितीला दाखव.

मी धुत होतो. प्रत्येक शुक्रवारी.

तुला आठवत असेल, सेल चालायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मागच्या बाजूला, धूर आत शिरतो तिथे, नळीच्या तोंडाशी पांढरं साचलं होतं. बोअरच्या पाण्याने बादलीला साचतं तसं. तू म्हणालीस, हे मीठ आहे, होणारच, बघू किती दिवस तग धरतो. आणि गुरुवारी संध्याकाळी गेलीस. शुक्रवारी लाइट गेली. सेल बंद. मी समोर बसलेलो. आणि ते पांढरं वाळत चाललेलं.

आमच्या घरात खरकटं भांडं वाळू देत नाहीत. तू हसशील, पण हे माझ्यात हाडापर्यंत गेलेलं आहे. जेवण झालं की ताटात पाणी फिरवल्याशिवाय मला उठता येत नाही, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीतसुद्धा मी पाणी सोडतो, लोक बघतात. पुढ्यात वाळणारं खरकटं पाहून मी तिथे किती वेळ बसू शकणार होतो? चहाच्या शेगडीवर पाणी कोमट केलं. मागची नळी काढली. मोठ्या सिरिंजने आत पाणी सोडलं, हलवलं, ओतलं. पांढरं विरघळून गेलं. पुन्हा एकदा. नळी लावली. तुझी चिठ्ठी माझ्या नाकासमोर होती. मी ती वाचत वाचत हे केलं.

संध्याकाळी लाइट आली, सेल चालू झाला, काही बिघडलं नाही. पुढच्या शुक्रवारीही बिघडलं नाही. मग तो माझा नेमच झाला. तुला सांगितलं नाही, कारण तू रागावली असतीस. एवढंच कारण होतं, त्याला मोठं नाव देत नाही.

धुण्याने सेल जगतो हे मला ठाऊक नव्हतं. तुझा प्रश्न आला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिथेही आठवड्यातून एक दिवस सेल बंद ठेवून पाहिला असं तू म्हणाली होतीस. पण बंद ठेवणं आणि धुणं यात फरक आहे, आणि तो फरक माझ्या हातात होता. म्हणजे तुझा लेप सहा महिने टिकला हे खरं, पण तो एकटा टिकला नाही.

मग तुझ्या प्रश्नाला 'नाही' का लिहिलं? मालोजी समोर होता म्हणून, असं म्हणणार होतो. तो होता. पण लेखणी त्याच्या हातात नव्हती. 'हो' लिहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की जगभर दाखवायला निघालेलं यंत्र मुळात एका संस्कृतच्या मास्तराच्या विसळण्यावर उभं आहे. पुण्याचे लोक परत गेले असते, मालोजीने तोंड फिरवलं असतं, आणि मला पुन्हा घरी बसून शेजाऱ्यांच्या मुलांची नावं काढून द्यावी लागली असती. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला तू आहेस हे मला दिसत होतं. मला वाटलं तू हुशार आहेस, निभावून नेशील. दुर्बळ माणसं नेहमी हुशार माणसांवर असला भरवसा टाकतात.

उत्तर दे असं म्हणत नाही.

ऋषिकेश


पळसदरी
शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

हर्षला,

उत्तर नाही. बरोबर आहे.

तुझ्या प्राध्यापकांना मी इंग्रजीतून लिहिलं. इंग्रजी माझं, त्यामुळे शिक्षा थोडी त्यांनाही झाली. आधीचा कागद खोटा होता, पाणी आत जात होतं, मी घालत होतो, हर्षलाला माहीत नव्हतं. त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. फार सभ्य आहे. म्हणतात, आपण तिचे मामा आहात. आधी आपण एक सांगितलं, आता तिच्या सोयीचं दुसरं सांगता. यातलं कोणतं धरायचं? न धुतल्याने तुमच्याकडेही सेल मरतो, असा काही पुरावा आहे का?

माणसाने एकदा खोटं लिहून सही केली की पुढे त्याची सही कशालाच चालत नाही. हे मी शिकवलेलं आहे. साक्षीदाराचा शब्द कधी प्रमाण मानायचा आणि कधी नाही, याच्यावर परीक्षेत प्रश्न काढत असे.

मग मी ठरवलं की आज धुवायचं नाही. आज शुक्रवार सोडला तर नऊ तारखेच्या आत सेल गचकेल, आणि मग कुणाच्या शब्दाची गरजच उरणार नाही. सकाळी जाऊन सेलसमोर हात मागे बांधून बसलो. लाइट गेली. पांढरं वाळायला लागलं. मी ते पाहत होतो, आणि तुला सांगतो, सोपं नव्हतं.

अकराच्या सुमाराला मालोजी आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मंग धुतलं तर काय झालं? गाडीच्या रेडेटरात आपन पानी घालतो. गाडी खोटी होते का?'

मी म्हटलं, 'गाडी विकताना पाणी घालावं लागतं ते सांगतो आपण.'

'सांगू की. सह्या झाल्यावर सांगू.'

'मालोजी, तिकडे पोरगी चोर ठरते आहे.'

'ती माझी बी पोरगीच हाय. पर मास्तर, सहा तारखेला पुन्याचे येनार, आन तुमी त्यांना मढं दाखवनार? ह्या शेडमंदी अकरा घरांची चूल हाय. तुमाला आजच धर्म आठवला?' मग म्हणाला, 'कसं धुता ते सांगा.'

मी सांगितलं नाही. पण सिरिंज कुठे आहे ते त्याला सापडलं, शेगडी होतीच, आणि तो शेतकऱ्याचा मुलगा आहे, स्प्रे पंपाचे नोझल साफ करण्यात त्याचा जन्म गेला. त्याने माझ्यासमोर धुतलं. माझ्याहून चांगलं धुतलं, खरं सांगायचं तर. मग हात पुसून म्हणाला, 'चाव्या ठेवा इथं. पंधरा दिस घरी बसा. माझा राग नाय तुमच्यावर.' राग नाही हे त्याचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी त्याला वाईट म्हणू शकत नाही. तो निदान उघड्यावर, माझ्या तोंडावर करतो आहे. मी वर्षभर चिठ्ठीआड केलं.

तर पुरावा नाही. एवढंच कळवायचं होतं. हा कागद लिहून होईपर्यंत मी असं धरून चाललो होतो की आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. ते लिहून पाहिलं, आणि पुढे काही लिहवत नाही.

ऋषिकेश


ठाणे
सोमवार, ३० डिसेंबर २०२४

हर्षला,

काल संध्याकाळी तुझा निरोप आला. महिन्याभरात पहिला. वर नाव नाही, खाली नाव नाही: 'चाचणी चालू असताना एखादा शुक्रवार धुवायचा राहिला होता का?'

हो. एक राहिला. ९ फेब्रुवारी २०२४.

त्या दिवशी मी शिळफाट्याच्या शाळेत पाठांतर स्पर्धेचा परीक्षक होतो. शाल देणार होते. दिली. सोमवारी शेडमध्ये आलो तर सेल उतरणीला लागलेला होता. तू त्या आठवड्यात बंगलोरला मुलाखतीला गेली होतीस. बुधवारपर्यंत आम्ल निम्म्यावर आलं. मालोजी म्हणाला मीटर बिघडला असेल. मी हो म्हणालो. पण मला कळलं होतं, हर्षला. त्याच दिवशी कळलं होतं. कबुलीच्या पत्रात उजेड तुझ्या प्रश्नाने पडला असं लिहिलं, ते खरं नव्हतं. इतकं सगळं कबूल करतानाही एक कोपरा झाकून ठेवला होता.

आमच्या तर्कशास्त्रात कारण सिद्ध करायला दोन गोष्टी लागतात. ते असेल तर कार्य होतं, याला अन्वय म्हणतात. ते नसेल तर होत नाही, हा व्यतिरेक. अन्वय कुणीही दाखवतो, माझ्याकडे असे शुक्रवार ढीगभर होते. व्यतिरेक एकच होता. तुझे प्राध्यापक जो मागत आहेत तो.

त्या गुरुवारी, पंधरा तारखेला, तू नव्हतीस म्हणून बाटली मी भरली. पातळ होती. शुक्रवारी सकाळी लाइट गेल्याबरोबर सेल धुतला, पुढे तो सावरलाही, आणि दुपारी बाटली घेऊन ठाण्याला, तू बाटल्या द्यायचीस त्या प्रयोगशाळेत आलो. इथे जिन्याच्या खाली, बाकावर बसून, मी सोबत आणलेल्या आधीच्या आठवड्याच्या राखीव बाटलीवर पंधरा तारखेची नवी पट्टी लावली, आणि ती आत दिली. पातळ आम्लाचं कारण विचारलं असतंस तर धुण्याचं सांगावं लागलं असतं, धुण्याचं सांगितलं तर चिठ्ठीचं, आणि शाळेत शाल घ्यायला गेलो होतो त्याचं. तुझ्या अख्ख्या चाचणीत घडवलेला आकडा एकच आहे, आणि तो तुझा नाही.

नोव्हेंबरच्या पत्रातला आंघोळीचा विनोदही मी चुकून लिहिला नव्हता. तू पकडावंस म्हणून लिहिला होता. तू पकडलंस, आणि मी पळालो. तुझ्याशी वागताना याहून हीन काही मी केलं असेल असं मला वाटत नाही, आणि ही गोष्ट समितीला सांगायची गरज नसल्यामुळे फक्त तुला सांगतो.

खरी बाटली मी फेकली नाही. घरी फळीवर, निघंटूच्या मागे ठेवली होती. का ठेवली ते विचारू नकोस, मला चांगलं उत्तर सुचतं आणि तेच नको आहे. बूच तसंच आहे, मेणाने बंद केलेलं. पट्टीवर तारीख माझ्या हातची. निघताना छाया स्टेशनवर आली होती. मी तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, 'मला नको सांगू. जिथं सांगायचं तिथं सांग.' पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

आज सकाळी इथे येऊन ती आत दिली. खिडकीवर एक मुलगी होती, तुझ्याच वयाची, आरोही नाव होतं तिच्या पट्टीवर. तिने बाटली उजेडात धरली, तारीख वाचली, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

म्हणाली, 'काका, पंधरा फेब्रुवारीचा नमुना तर आपल्याकडे आलेला आहे. रिपोर्टही गेलाय.'

'हो. तो खोटा होता. हा खरा.'

'म्हणजे बदलून आला होता? चुकून?'

चुकून म्हणण्यासाठी तिने मला दार उघडून दिलं होतं. सभ्य मुलगी. मागे रांगेत चार माणसं उभी होती, एकजण फोनवर बोलायचा थांबला.

'चुकून नाही,' मी म्हटलं. 'मी मुद्दाम बदलला होता.'

तिने एकदा रांगेकडे पाहिलं. मग हळू आवाजात, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, तिने विचारलं, 'हे असंच लिहू का?'

असंच लिहा म्हटलं, आणि कोणी बदलला त्या जागी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिला शेवटचं अक्षर नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

रिपोर्ट शुक्रवारी मिळेल. त्यांना तुझा ईमेल दिला आहे, माझा नाही.

ऋषिकेश